माझ्याकडे चालतो, त्यांच्याकडे नाही

या वेळच्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या अंगांनी आली आहे. एक्सेलची फाइल तीच, मॅक्रो (एक्सेलकडून कामं आपोआप करून घेणारा कोड) तोच, पण एका कॉम्प्युटरवर सुरळीत चालतो आणि दुसऱ्यावर अडून बसतो. म्हणून सगळी पानं या एकाच विषयाला दिली आहेत.

उत्तरांकडे वळण्याआधी एक कळकळीची विनंती. "मॅक्रो चालत नाही" एवढंच लिहून पाठवू नका. एररचा नंबर आणि मजकूर जसाच्या तसा लिहा. डिबग दाबल्यावर कोणती ओळ पिवळी होते ते लिहा. आणि दोन्ही कॉम्प्युटरवरचं एक्सेल कोणतं, किती बिटचं, हेही कळवा. फाइल मेनूतल्या अकाउंटमध्ये जाऊन 'अबाउट एक्सेल' दाबलंत की पहिल्याच ओळीत दोन्ही दिसतं. निम्म्या पत्रांचं उत्तर त्या ओळीतच असतं.

दुसरा कॉम्प्युटर बिघडलाय असं फार क्वचित असतं. मॅक्रो लिहिणाऱ्याच्या मशीनवर काहीतरी आयतं उपलब्ध असतं आणि कोड त्यावर विसंबतो; दुसऱ्या मशीनवर ते नसतं किंवा वेगळं असतं. ती नेमकी कोणती गोष्ट, हे शोधायचं. कोडमधले शब्द इथे देवनागरीत छापले आहेत. एडिटरमध्ये ते इंग्रजीतच टाइप करायचे.

प्रश्न : ताई, महिनाअखेरीचा अहवाल तयार करून आउटलुकमधून पाठवणारा मॅक्रो मी लिहिला. माझ्याकडे उत्तम चालतो. शेजारच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र 'कान्ट फाइंड प्रोजेक्ट ऑर लायब्ररी' असं येतं आणि कोडमधला 'लेफ्ट' हा शब्द सिलेक्ट होतो. लेफ्ट तर अगदी साधं फंक्शन आहे, ते कसं सापडत नाही? आणि मागच्या आठवड्यापर्यंत तिथेही सगळं नीट चालत होतं.
— लेखा विभागातली एक वाचक

उत्तर : लेफ्टचा काही दोष नाही. एक्सेल बोट दाखवतंय एकीकडे आणि दुखतंय दुसरीकडे. लेफ्ट, ट्रिम, मिड, डेट यांपैकी कुठल्याही साध्या शब्दावर ही एरर आली तर त्या ओळीत खाडाखोड करत बसू नका. कोडला जोडलेली एखादी लायब्ररी (तयार फंक्शनं आणि नावांचा संच) त्या मशीनवर सापडत नसते, आणि एक कडी तुटली की एक्सेलला बाकीची नावं शोधणंही जमेनासं होतं.

त्या जुन्या कॉम्प्युटरवर आल्ट एफ११ दाबून एडिटर उघडा. टूल्समधलं रेफरन्सेस करडं दिसत असेल तर मॅक्रो अजून अर्धवट थांबलेला आहे. आधी रीसेट करा. मग ते उघडा, जोडलेल्या लायब्ररींच्या यादीत 'मिसिंग' अशी सुरुवात असलेली ओळ दिसेल. तुमच्या बाबतीत ती 'मायक्रोसॉफ्ट आउटलुक १६.० ऑब्जेक्ट लायब्ररी' असणार, असं मला वाटतं. ऑफिस २०१६, २०१९, २०२१ आणि ३६५ या सगळ्यांचा आतला क्रमांक १६ आहे. २०१३ चा १५ आणि २०१० चा १४. शेजारी २०१३ किंवा त्याहून जुनं ऑफिस असेल तर तिथे १६ कुठून सापडणार?

आता "मागच्या आठवड्यापर्यंत चालत होतं" याबद्दल. हा धागा तुम्ही पत्रात लिहिलात ते फार चांगलं केलंत. जुन्या ऑफिसमध्ये सेव्ह केलेली फाइल नव्या ऑफिसमध्ये उघडली की आउटलुकचा संदर्भ आपोआप १५ वरून १६ वर जातो, कोणाला न विचारता. तशीच ती सेव्ह झाली की संदर्भ १६ वरच राहतो. उलट दिशेने, १६ वरून १५ वर, एक्सेल येत नाही. म्हणजे फाइल बहुधा तिकडे तयार झाली, तुम्ही ती तुमच्याकडे उघडून एखादी दुरुस्ती केलीत, सेव्ह करून परत दिलीत. त्या दिवसापासून ती तिकडे बंद.

त्या मशीनवर मिसिंगची खूण काढून १५ वर खूण करता येते, पण फाइल पुन्हा तुमच्याकडे आली की रडगाणं सुरू. कायमचा उपाय म्हणजे लायब्ररी आधीपासून न जोडता कोड चालताना आउटलुक मागून घ्यायचं. 'डिम ओएल ॲज आउटलुक.ॲप्लिकेशन' च्या जागी 'डिम ओएल ॲज ऑब्जेक्ट' लिहा, पुढे 'सेट ओएल = क्रिएटऑब्जेक्ट("आउटलुक.ॲप्लिकेशन")'. मग रेफरन्सेसमधली आउटलुकची खूण काढून टाका. त्या मशीनवर जे आउटलुक असेल ते मिळेल.

इथे बरेच जण ठेचकाळतात, म्हणून जरा थांबून सांगते. लायब्ररी काढली की तिच्यातली तयार नावंही जातात. 'ओएलमेलआयटम' म्हणजे ० आणि 'ओएलअपॉइंटमेंटआयटम' म्हणजे १, हे कोडला आता माहीत नसतं. मॉड्यूलच्या, म्हणजे कोड लिहायच्या पानाच्या, डोक्यावर 'ऑप्शन एक्सप्लिसिट' लिहिलेलं नसेल तर एक्सेल ते नाव म्हणजे एक रिकामं व्हेरिएबल समजतं आणि रिकाम्याची किंमत धरतं ०. मेल पाठवताना योगायोगाने तेच हवं असतं, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. पण भेटीची नोंद करणारा मॅक्रो असेल तर भेटीऐवजी कोरं मेल तयार होतं, त्यानंतर भेटीची वेळ भरणाऱ्या ओळीवर ४३८ नंबरची एरर येते आणि माणूस त्या ओळीशी झगडत बसतो. ऑप्शन एक्सप्लिसिट प्रत्येक मॉड्यूलमध्ये हवंच, यावर मी अडून बसते. ते असेल तर अनोळखी नावावर कोड सुरू होण्याआधीच अडतो. मग वरच्या बाजूला 'कॉन्स्ट ओएलअपॉइंटमेंटआयटम = १' अशी ओळ लिहून द्यायची.

एक आणखी. विंडोजवरच्या नव्या आउटलुकला मॅक्रोमधून हाक मारता येत नाही. त्याला जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुकच लागतं. ज्या मशीनवर फक्त नवं आउटलुक आहे तिथे क्रिएटऑब्जेक्टच्या ओळीवर ४२९ नंबरची एरर येईल. तिथे कोड कितीही बदलला तरी उपयोग नाही, क्लासिक आउटलुक टाकून घ्यावं लागेल.

प्रश्न : नवा कॉम्प्युटर मिळाला आणि आमच्या जुन्या वर्कबुकमधल्या 'डिक्लेअर'च्या सगळ्या ओळी लाल झाल्या. कोड ६४ बिटसाठी अद्ययावत करा, पीटीआरसेफ लावा, असा संदेश येतो. जुना कॉम्प्युटरही ६४ बिटचाच होता, मग हे आजच का? शिवाय फॉर्मवरचं तारीख निवडायचं कॅलेंडरही गायब आहे.
— भांडार विभागातला वाचक

उत्तर : विंडोज ६४ बिटचं आणि ऑफिस ६४ बिटचं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कित्येक वर्षं ६४ बिट विंडोजवर ३२ बिटचंच ऑफिस बसवलं जायचं, कारण इन्स्टॉलर आपणहून तेच टाकायचा. ऑफिस २०१९ पासून तो आपणहून ६४ बिटचं टाकतो. तुमचा जुना कॉम्प्युटर पहिल्या प्रकारचा, नवा दुसऱ्या.

डिक्लेअरच्या ओळी म्हणजे विंडोजच्या आतल्या फंक्शनला थेट हाक. डिक्लेअर आणि फंक्शन यांच्या मधे पीटीआरसेफ हा शब्द घाला (पी, टी, आर ही अक्षरं आणि त्यांना जोडून सेफ). लाल रंग जाईल. पण तेवढ्यावर थांबू नका. पीटीआरसेफ म्हणजे "मी ही ओळ तपासली आहे" असं तुम्ही एक्सेलला दिलेलं वचन आहे. एक्सेल स्वतः काही तपासत नाही. ६४ बिटमध्ये मेमरीतला पत्ता ८ बाइटचा असतो आणि लाँग हा प्रकार ४ बाइटचाच राहतो. ज्या व्हेरिएबलमध्ये खिडकीचं हँडल किंवा मेमरीतला पत्ता येतो तिथे लाँग काढून लाँगपीटीआर लिहा. ते राहिलं तर एरर न देता एक्सेल धाडकन बंद पडू शकतं, आणि तेही रोज नाही, मधूनच. असा दोष शोधताना जीव मेटाकुटीला येतो. सगळीकडे डोळे मिटून लाँगपीटीआर लिहिणंही चूक. वेळ, रंग, मोजमाप यांचे साधे आकडे लाँगच राहू द्या.

ही फाइल २००७ च्या एक्सेलवरही चालायला हवी असेल तर '#इफ व्हीबीए७' ची अट घालून दोन्ही प्रकारच्या ओळी ठेवाव्या लागतात. नसेल तर त्या अटीची गरज नाही, कारण पीटीआरसेफ २०१० पासूनच्या ३२ बिट ऑफिसलाही समजतं. आणि आधी हे बघा की ती ओळ लागतेच का. नुसतं काही सेकंद थांबायला विंडोजचं 'स्लीप' बोलावलेलं मी किती वर्कबुकांत पाहिलंय! एक्सेलचं स्वतःचं 'ॲप्लिकेशन.वेट' त्याला पुरतं. डिक्लेअरची ओळच गेली की प्रश्नही गेला.

कॅलेंडरचं मात्र वाईट वाटून घेऊ नका. ते 'एमएसकॉमसीटी२' नावाच्या फाइलमधून येत होतं आणि त्या फाइलची ६४ बिट आवृत्तीच नाही. कुठून तरी उतरवून घेऊन रजिस्टर करण्याचा खटाटोप करू नका. दिवस, महिना, वर्ष यांचे तीन कॉम्बोबॉक्स लावा. दिसायला साधे आहेत, पण विंडोजवरच्या कुठल्याही ऑफिसमध्ये चालतील, आणि पुढच्या प्रश्नातली डोकेदुखीही वाचेल.

प्रश्न : आमच्या प्रणालीतून रोज एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) निघते. मॅक्रो ती उघडून मुख्य शीटमध्ये भरतो. हाताने उघडली तर तारखा बरोबर असतात, मॅक्रोने उघडली तर काही तारखा उलटसुलट होतात. सगळ्या नाही, काहीच. सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर मात्र कधीच चुकत नाही. डोकं चालेनासं झालंय.
— एक त्रस्त वाचक

उत्तर : या पत्राला मी सगळ्यात जास्त जागा देते आहे. बाकीच्या एररी निदान आरडाओरडा तरी करतात. ही गप्प राहते, चुकीची तारीख हिशेबात शिरते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

हाताने फाइल उघडताना एक्सेल तुमच्या विंडोजमधली रीजन सेटिंग बघतं: आधी दिवस, मग महिना. मॅक्रोमधल्या 'वर्कबुक्स.ओपन'ने उघडताना मात्र ते अमेरिकन पद्धत धरतं, आधी महिना, मग दिवस. ०५/०४/२०२४ ही तुमची ५ एप्रिल त्याच्या दृष्टीने ४ मे. १३/०४/२०२४ वाचताना तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ते तिला तारीख न मानता मजकूर म्हणून तसंच सोडून देतं. दिसायला ती बरोबर दिसते! म्हणून तुम्हाला "काहीच" उलटल्यासारख्या वाटतात. खरं तर प्रत्येक महिन्यातले पहिले १२ दिवस उलटतात (त्यातला दिवस आणि महिना सारखा असलेला एक सोडून) आणि उरलेले दिवस तारीखच राहत नाहीत.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर तो कॉलम सिलेक्ट करून फॉरमॅट 'जनरल' करा. ५ एप्रिल २०२४ चा खरा आकडा ४५३८७. तिथे ४५४१६ दिसलं तर एक्सेल ४ मे धरून बसलंय. आणि १३ तारखेच्या ओळीत काहीच न बदलता १३/०४/२०२४ तसंच राहिलं तर तो मजकूर आहे. तारखेच्या दिसण्यावर कधीही विश्वास ठेवू नका, तिच्या आकड्यावर ठेवा.

सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर का चुकत नाही? दोन शक्यता. त्यांच्याकडच्या मॅक्रोत 'लोकल:=ट्रू' लिहिलेलं असेल, म्हणजे मॅक्रोनेही रीजन सेटिंगच बघायची. नाहीतर ते फाइल हाताने उघडून मग मॅक्रो चालवत असतील. त्यांच्या शेजारी बसून एकदा नुसतं बघा, ते काय करतात ते. विचारून हे कळत नाही, कारण सवयीने केलेलं माणूस सांगायचं विसरतो.

'लोकल:=ट्रू' ने तुमच्याकडे आज काम होईल. पण ज्या मशीनची रीजन सेटिंग अमेरिकन आहे तिथे तोच मॅक्रो पुन्हा चुकेल, आणि नव्या विंडोजवर ती सेटिंग कित्येकदा तशीच राहून गेलेली असते. मला पटणारा मार्ग असा: तारीख एक्सेलच्या अंदाजावर सोडायचीच नाही. सीएसव्ही फाइल 'वर्कबुक्स.ओपन'ने न उघडता ओळ ओळ वाचा, तारखेचे 'स्प्लिट'ने तीन तुकडे करा आणि 'डेटसीरियल(वर्ष, महिना, दिवस)' असं लिहा. डेटसीरियलला कुठल्याही मशीनवर संभ्रम होत नाही. 'सीडेट' वापरू नका. ते त्या त्या मशीनच्या सेटिंगवर चालतं, आणि सेटिंगप्रमाणे तारीख बसली नाही की दिवस-महिन्याची अदलाबदल करून बसवून टाकतं, तक्रार न करता.

'ओपनटेक्स्ट'मध्ये कॉलमचा प्रकार दिवस-महिना-वर्ष असा सांगता येतो, हे काहींना ठाऊक असेल. पण फाइलच्या नावाचा शेवट सीएसव्ही असेल तर एक्सेल ती सूचना मानत नाही. नाव टीएक्सटी करून घेतलं तरच मानतं. या एका गोष्टीपायी लोकांची अख्खी दुपार जाते.

प्रणाली सांभाळणाऱ्यांशी तुमची ओळख असेल तर त्यांना तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, २०२४-०४-०५ अशी, द्यायला सांगा. त्यांचं काम थोडं, तुमचं सुख मोठं.

जाता जाता: हीच गोष्ट दशांश चिन्हाची. ज्या मशीनवर दशांशासाठी स्वल्पविराम ठेवलाय तिथे 'सीडीबीएल' तो मानतं, 'व्हॅल' मात्र कुठेही फक्त टिंबच ओळखतं. मजकुरातून आकडा काढताना कोणतं वापरताय ते ठरवून वापरा.

प्रश्न : मी ईमेलने पाठवलेली मॅक्रोची फाइल उघडली की समोरच्याला वर लाल पट्टी दिसते, मॅक्रो सुरू करायचं बटणच नसतं. तीच फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन दिली तर चालते. फाइल तर एकच आहे.
— प्रशिक्षण देणारा एक वाचक

उत्तर : एकच आहे, पण ईमेलने आलेल्या फाइलला विंडोज एक छोटी चिठ्ठी चिकटवतं: ही इंटरनेटवरून आली. ती चिठ्ठी फाइलच्या आत नसते, डिस्कवरच्या एनटीएफएस व्यवस्थेत फाइलशेजारी ठेवलेली असते. पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतो, तिथे अशा चिठ्ठीला जागाच नाही, म्हणून ती गळून पडते. २०२२ पासून चिठ्ठी असलेल्या फाइलचे मॅक्रो ऑफिस थेट अडवतं. पूर्वीसारखं 'एनेबल'चं पिवळं बटण देत नाही.

समोरच्याने फाइल आधी डिस्कवर सेव्ह करावी, तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावं आणि खालच्या बाजूला 'अनब्लॉक'वर खूण करावी. झिप पाठवली असेल तर आधी झिपच अनब्लॉक करायची आणि मग उघडायची, नाहीतर चिठ्ठी आतल्या प्रत्येक फाइलवर जाते. रोजची देवाणघेवाण असेल तर एक ठरावीक फोल्डर 'ट्रस्टेड लोकेशन' म्हणून नोंदवून घ्या.

पण "सगळे मॅक्रो चालू करा" ही सेटिंग कोणालाही करायला सांगू नका, प्रशिक्षणात तर मुळीच नाही. तुमचा एक मॅक्रो चालावा म्हणून त्यांच्या मशीनचं दार सगळ्यांनाच उघडं राहील. तुम्ही शिकवणारे आहात. तुम्ही सांगितलेलं लोक वर्षानुवर्षं करत राहतात.

प्रश्न : मैत्रिणीच्या वर्कबुकमधला मॅक्रो तिच्याकडे चालतो. मी शीटांची नावं मराठीत केली, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च अशी. आता एरर ९, 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज'. एडिटरमध्ये मराठी टाइप केलं की नुसती प्रश्नचिन्हं येतात. मराठीत काम करायचंच नाही का?
— एक शिक्षिका

उत्तर : करायचं, जरूर करायचं. शीट, सेल, फॉर्म या सगळ्यांना देवनागरी उत्तम समजते. ज्याला समजत नाही तो कोड लिहायचा एडिटर. तो अजून युनिकोडपूर्व जमान्यातल्या अक्षरसंचांवर चालतो, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी तसा अक्षरसंच कधी नव्हताच. म्हणून विंडोजची भाषा मराठी केली तरी फरक पडत नाही.

मॅक्रो रेकॉर्ड करून मार्चच्या शीटवर क्लिक केलंत तर कोडमध्ये पाच प्रश्नचिन्हं दिसतील. पाच कशी? म, काना, र, पाय मोडल्याची खूण, च. प्रत्येकाच्या जागी एक. त्या नावाची शीट नसतेच, म्हणून एरर ९.

कोडमधून शीटला टॅबवर दिसणाऱ्या नावाने हाक मारूच नका. एडिटरमध्ये डावीकडे शीट निवडा, एफ४ दाबा, प्रॉपर्टीजमध्ये सगळ्यात वर कंसात 'नेम' असं लिहिलेलं आहे. तिथे साधं इंग्रजी नाव द्या. कोडमध्ये थेट तेच वापरा. मग खालच्या टॅबवर मार्च लिहा, चैत्र लिहा, उद्या कोणी नाव बदललं तरी कोड चालत राहील. हे मी इंग्रजी नावांच्या वर्कबुकमध्येही करते.

कोडमध्ये जो मराठी मजकूर लागतो तो एका लपवलेल्या शीटच्या सेलमध्ये ठेवा आणि तिथून वाचा. एखादंच अक्षर हवं असेल तर 'सीएचआरडब्ल्यू(२३५०)' म्हणजे म. आणि 'मेसेजबॉक्स'मध्ये मराठी दाखवायच्या फंदात पडू नका, तिथेही प्रश्नचिन्हंच येतील. छोटा यूजरफॉर्म करून त्याच्या लेबलवर दाखवा, सुंदर दिसतं.

तुमच्याकडे जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या याद्या असतील तर त्याही तपासा. त्या दिसतात मराठी, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. तो फाँट नसलेल्या मशीनवर त्यांचं गचाळ इंग्रजी होतं, आणि युनिकोडमध्ये लिहिलेल्या त्याच नावाशी ताडून पाहिलं तर मॅक्रोला ती दोन नावं वेगळीच वाटतात. अशा याद्या एकदा बसून युनिकोडमध्ये करून घ्या.

प्रश्न : 'डीआयआर'च्या (फोल्डरमधल्या फाइली शोधणाऱ्या फंक्शनच्या) ओळीवर एरर ५२, 'बॅड फाइल नेम ऑर नंबर'. माझ्याकडे येत नाही, वनड्राइव्ह वापरणाऱ्यांकडेच येते.

उत्तर : त्यांच्याकडे 'थिसवर्कबुक.पाथ' हा सी ड्राइव्हचा पत्ता देत नाही, एचटीटीपीएसने सुरू होणारा इंटरनेटचा पत्ता देतो. डीआयआरला तो वाचता येत नाही. पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू होतोय का ते सुरुवातीलाच तपासा आणि तसं असेल तर फोल्डर निवडायची खिडकी दाखवून वापरणाऱ्यालाच विचारा. डेस्कटॉपचा पत्ताही हाताने जोडून लिहू नका. वनड्राइव्हमुळे तो अनेकांकडे हललेला असतो. 'डब्ल्यूस्क्रिप्ट.शेल'च्या 'स्पेशलफोल्डर्स'ला विचारलं की खरा पत्ता मिळतो.

प्रश्न : प्रिंटर निवडणारी ओळ दुसऱ्या मशीनवर अडते. प्रिंटर तोच, नावही तेच.

उत्तर : 'ॲक्टिव्हप्रिंटर'मध्ये नावाच्या शेवटी 'ऑन एनई०१' असा पोर्टही असतो आणि तो क्रमांक प्रत्येक मशीनवर वेगळा पडू शकतो. ००पासून पुढे एकेक क्रमांक लावून बघणारं छोटं लूप लिहा, जो लागेल तो धरा.

प्रश्न : मॅक्रो दुसरी फाइल उघडतो आणि तिथेच थांबतो. एरर नाही, काही नाही. मी बटण दाबून चालवते तेव्हा पूर्ण होतो. सहकारी कीबोर्डवरून चालवतात तेव्हा अर्धवट.

उत्तर : त्यांच्या शॉर्टकटमध्ये शिफ्ट आहे का बघा. कंट्रोल शिफ्ट आणि एखादं अक्षर, असं असेल तर फाइल उघडताना शिफ्ट दाबलेली राहते. शिफ्ट दाबून फाइल उघडणं म्हणजे एक्सेलच्या लेखी "मॅक्रो चालवू नकोस", आणि तुमचा चालू मॅक्रोही त्यात सापडतो. शिफ्ट नसलेला शॉर्टकट द्या.

प्रश्न : वरिष्ठांच्या कॉम्प्युटरवर मॅक्रो चालतो, एरर येत नाही, पण बेरजा जुन्याच राहतात. माझ्याकडे बरोबर येतात. कधी कधी त्यांच्याकडेही बरोबर येतात. मला खोटं पाडल्यासारखं होतं.
— नाव न छापण्याची विनंती

उत्तर : तुमची चूक नाही, आणि हे त्यांना दाखवताही येईल. गणित आपोआप करायचं की सांगितल्यावरच, ही सेटिंग एक्सेल त्या सत्रात पहिल्यांदा उघडलेल्या फाइलवरून उचलतं आणि मग उघडलेल्या प्रत्येक फाइलला लावतं. त्यांच्याकडे एखादी जड फाइल 'मॅन्युअल'वर सेव्ह केलेली असणार. ती आधी उघडली की त्या दिवशी तुमच्या फाइलमधल्या बेरजाही गोठतात. तुमची आधी उघडली तर सगळं ठीक.

मॅक्रोत बेरजा वाचण्याआधी 'ॲप्लिकेशन.कॅल्क्युलेट' ही ओळ घाला, म्हणजे सेटिंग काहीही असो, आकडे ताजे असतील. आणि तुमच्याच मॅक्रोत वेग वाढवायला कुठे मॅन्युअल केलेलं असेल तर एरर येऊन मधेच थांबल्यावरही ते ऑटोमॅटिकवर परत येतंय ना, हे बघा. कित्येक फाइलींत ती ओळ अगदी शेवटी असते आणि मॅक्रो तिथवर पोचतच नाही.

मग वरिष्ठांना विचारा, दिवसातली पहिली फाइल कोणती उघडतात. त्यांच्यासमोर ती उघडा, फॉर्म्युलाजमध्ये 'कॅल्क्युलेशन ऑप्शन्स' दाखवा, ऑटोमॅटिक करा आणि सेव्ह करा.